तालमीतल्या पोरांनी जिउ-जित्सूची कुठली वाट धरावी? (बेळगाव – खानापूर – निपाणी)

शहापूरचा गडी

मंडळी, नमस्कार.

आपल्या भागातल्या तालमींतली पोरं हल्ली मोबाइलवर ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी लावून समोरच्याला शरण आणायचा खेळ, बघतात आणि भेटलं की विचारतात. ग्रेसी बारा चांगलं की अलायन्स? अ‍ॅटोसवाले भारी की डॅनहरची पोरं? टेन्थ प्लॅनेट नेमकं काय आहे? ही सगळी या खेळातल्या शाळांची आणि गुरूंची नावं. माझं लहानपण तालमीत गेलं आणि पुढं नोकरीसाठी बंगळूरला असताना मी हा खेळ शिकलो. दोन्हीकडचं अंगात मुरलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला आपण अमक्या शाळेची शैली म्हणतो, ती बहुतेक वेळा कुणा एकाच्या शरीराची अडचण आणि त्या वेळचे नियम यांतून घडलेली असते. नाव आणि झेंडा नंतर येतो. हे ध्यानात आलं की लाल मातीतल्या पोरानं कुणाचं काय उचलावं हे ठरवता येतं.

मूळ सगळ्यांचं जवळपास एकच. कोदोकान या जपानमधल्या जुदो संस्थेचा जुदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढं उत्तरेकडच्या बेलें शहरात राहिला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, त्यानं भावांना शिकवलं आणि रिओ दि जानेरोत या घराण्याचं बस्तान बसलं. धाकटा भाऊ एलियो अंगानं किरकोळ होता असं घरचेच सांगतात. ताकदीनं गडी उचलणं त्याला जमणारं नव्हतं. त्यामुळं त्याच्या पद्धतीत घाई नाही. खाली राहायचं, समोरच्याला दोन पायांच्या कवेत अडकवायचं, मार चुकवायचा, त्याला दमू द्यायचं, आणि हात किंवा गळा सापडला की सोडायचा नाही. १९५१ मध्ये माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुरानं त्याचा हात पिरगाळून मोडला तरी एलियोनं हार कबूल केली नाही. तो डाव आज जगभर किमुरा म्हणूनच ओळखला जातो. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या गड्यांची गुद्दे-लाथांसकट लढायची स्पर्धा, झाली आणि एलियोचा मुलगा रॉयस याच पद्धतीनं ती जिंकला. या शाखेत गुणांना फार महत्त्व नाही. समोरचा गुद्दे मारतोय असं धरूनच सगळं शिकवतात.

त्याच घरातली दुसरी शाखा कार्लसन ग्रेसीची, म्हणजे कार्लोसच्या थोरल्या मुलाची. आपल्या पोरांनी सगळ्यात आधी हिच्याकडं बघावं असं मला वाटतं. काका एलियोला १९५५ मध्ये वाल्देमार सांतानानं हरवलं, त्या सांतानाला पुढच्या वर्षी कार्लसननं हरवलं. कार्लसनची पोरं वर राहून खेळायची. छातीनं दाबायचं, श्वास कोंडायचा, गुडघा आत सारत पायांचा अडसर ओलांडायचा. पुढं त्याच्याच शिष्यांतून ब्राझिलियन टॉप टीम उभी राहिली, तिच्यातल्या काहींनी अमेरिकेत जाऊन अमेरिकन टॉप टीम काढली.

पण गंमत बघा, याच दाबणाऱ्यांच्या आखाड्यात रिकार्दो दे ला रिवा नावाचा हलक्या वजनाचा गडी होता. जड मित्रांना छातीवर घेऊन टिकाव लागत नव्हता. त्यानं खालून समोरच्याच्या पायाला बाहेरून आपला पाय गुंडाळून त्याचा तोल बिघडवायची पद्धत रुजवली. आज दे ला रिवा गार्ड प्रत्येक शाळेत शिकवतात (गार्ड म्हणजे खाली राहून पायांनी समोरच्याला अडवणं). गुरू एक, हॉल एक, आणि शरीर वेगळं म्हणून खेळ पार उलटा.

ग्रेसी बारा ही कार्लोस ग्रेसी ज्युनियरची. १९८६ मध्ये रिओच्या बारा दा तिजुका भागात सुरू झाली. १९९४ मध्ये त्यानंच आयबीजेजेएफ हा महासंघ काढला, म्हणजे आजची गुणपद्धत आणि ही शाळा एकाच हाताखाली वाढली. पाडलं की २, खालून उलटवलं की २, पोटावर गुडघा रोवला की २, पायांचा अडसर ओलांडला की ३, माउंट, म्हणजे वर स्वार झालं, किंवा मागून चिकटून पाठ घेतली की ४. या शाळेत जगभर ठरलेला अभ्यासक्रम चालतो. नवख्यासाठी ते सोयीचं आहे. हाफ गार्ड हा प्रकार ज्यानं नावारूपाला आणला तो रोबेर्तो कोर्रेया, 'गोर्दो', याच शाळेचा. त्याचा गुडघा दुखावला होता, नेहमीसारखं खेळता येईना, म्हणून तो समोरच्याचा एकच पाय धरून खालून खेळायला लागला. तोवर ती हरण्याच्या आधीची पायरी समजत असत.

अलायन्स १९९३ ची. तिथला मार्सेलो गार्सिया मला फार आवडतो. गीची (जुदोसारख्या जाड अंगरख्याची) पकड सुटली तरी खेळ बदलू नये अशा बेतानं तो काखेतून हात घालतो, समोरच्याच्या मांड्यांखाली पाय लावून उचलतो, मान सापडली की गिलोटिन, म्हणजे समोरून मानेभोवती हात घालून गळा आवळणं. ७७ किलोखालच्या गटात त्यानं २००३, २००५, २००७ आणि २०११ अशी चार वेळा एडीसीसी ही गीशिवाय लढायची मोठी स्पर्धा जिंकली. अ‍ॅटोस २००८ ची. राफाएल आणि गिल्येर्मे मेंडेस या भावांनी बेरिंबोलो तिथूनच गाजवला. दे ला रिवाची अडकवण घेऊन खांद्यावरून गोल फिरत समोरच्याच्या पाठीशी निघायचं. बघायला सुंदर, पण हलक्या अंगाच्या, लवचीक पोरांचं काम आहे ते.

टेन्थ प्लॅनेट आणि डॅनहरबद्दल इथं जाणकार आहेत, त्यांनी लिहावं.

---

लालमाती_येळ्ळूर

दादा, लिहिलायसा चांगलं. पण एक सांगा की ओ. आमच्यात पाठ टेकली की कुस्ती संपली. दोन्ही खांदे मातीला लागले, हलगी वाजली, फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर. पोरगं एवढंसं असल्यापासून त्याला एकच सांगतो, काय वाट्टेल ते होऊ दे, पाठ द्यायची न्हाई. आणि ह्या खेळात पाठीवर पडूनच लढायचं म्हणे.

असं पोरगं दोन्हीकडं चालवलासा आणि आनंदवाडीच्या आखाड्यात ऐनवेळी सवयीनं पाठीवर गेलं तर? पोराचं तर जातंयच, वस्तादाचंबी नाव जातंय. आमची मैदानं दिवाळीनंतर लागतात ती उन्हाळाभर चालतात. तेवढ्यात हे मधे आणू नका. पावसाळ्यात शिकवा काय ते.

---

शहापूरचा गडी

वस्ताद, तुमची काळजी अगदी बरोबर आहे आणि पावसाळ्याचं म्हणणंही मला पटतं.

फक्त एक उलट बाजू सांगतो. मातीतला पोरगा पाठ वाचवायला काय करतो? उपडा होतो. पोट मातीला, कोपरं अंगाशी, आणि वरच्यानं कितीही घिस्सा मारला तरी हलायचं नाही. मातीत हे शहाणपण आहे. जिउ-जित्सूत तीच सगळ्यात धोक्याची जागा. वरचा दोन्ही पाय मांड्यांत घालून पाठीवर बसतो, ४ गुण घेतो आणि मागून हात गळ्यात. आपली पोरं पहिल्या आठवड्यात तिथंच सारखी टॅप करतात, म्हणजे हातानं थापटून हार कबूल करतात. ताकद कमी पडते म्हणून नव्हे, शरीर सवयीनं तिकडं वळतं.

दुसरी अडचण पट काढताना. आपण मान खाली घालून मांडीला भिडतो. मातीत मानेवर फार तर दाब येतो, इथं समोरचा मानेभोवती हात घालून गिलोटिन लावतो. तिसरी ढाकेची. ढाक मारायला कंबर आत घालावी लागते, क्षणभर पाठ द्यावी लागते. बसली तर ठीक, हुकली तर तो पाठीवर चिकटलाच.

म्हणून कार्लसनची वाट म्हणतो. पोरानं पाडावं, जे त्याला येतंच. मग वर राहून दाबत पुढं जावं. अलायन्सचा बेर्नार्दो फारिया एक हात मांडीवरून आणि एक खालून घालून डोकं पोटात रोवून पुढं सरकतो, ते आपल्या पोरांना दोन दिवसांत उमगतं. डॅनहरच्या शिष्यांचा कंबरेला मिठी घालून पाय ओलांडण्याचा प्रकार तर घरचाच वाटतो. सवारीत पाय अडकवायची सवय आहेच, तिचा पाठ घेताना थेट उपयोग होतो.

खाली पडल्यावर सुटायचं कसं तेवढं शिकवू. आपणहून खाली बसून खेळायचं शिकवायचं नाही. एडीसीसीच्या नियमांत गुण मोजणं सुरू झाल्यावर कुणी आपणहून खाली बसला तर त्याला उणे गुण मिळतो. पैलवानाला तीच स्पर्धा जास्त मानवते. आयबीजेजेएफमध्ये बसायला मोकळीक आहे.

---

निपाणी_नोगी

टेन्थ प्लॅनेटचं मी लिहितो, आमचा छोटा गट त्याच पद्धतीनं सराव करतो.

एडी ब्राव्हो हा जाँ जाक माशादोचा शिष्य. माशादोच्या डाव्या हाताला जन्मतःच बोटं जवळपास नाहीत. कापड मुठीत धरता येत नाही, म्हणून त्याचा सगळा भर काखेतून, दंडावरून हात गुंतवण्यावर. ब्राव्होनं तेच घेतलं आणि पुढं नेलं. २००३ मध्ये साओ पावलोच्या एडीसीसीत त्यानं एलियोचा मुलगा रॉयलर याला ट्रँगलनं (दोन पायांत गळा आवळून) हरवलं आणि त्यानंतर आपली शाळा काढली. गी नाहीच. रबर गार्ड म्हणजे खालून स्वतःचा पाय समोरच्याच्या खांद्यावर आणून हातानं धरून ठेवायचा, त्याला सरळ उठूच द्यायचं नाही. ट्विस्टर, म्हणजे पाठीचा कणा पिळणारी पकड, तर त्यानं शाळेच्या कुस्तीतल्या पकडीवरूनच घडवला.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला हे धरूनच आहे. बोटं नाहीत, त्यातून एक अख्खी शाळा निघाली!

डॅनहर हा न्यूझीलंडचा, न्यूयॉर्कला रेन्झो ग्रेसीच्या अकादमीत शिकवायचा. पायांच्या पकडी आधीही होत्या, पण त्यानं त्यांना क्रम लावला. आधी दोन्ही पायांनी समोरच्याचा पाय जखडायचा, तो सुटणार नाही याची खात्री करायची, मगच टाचेला हात. गॅरी टोनन, गॉर्डन रायन ही त्याचीच पोरं. २०२१ मध्ये गट फुटला. एक न्यू वेव्ह, दुसरा बी-टीम, दोन्ही ऑस्टिनला उभे राहिले.

माझं स्पष्ट मत: आपल्या पोरांना गी नकोच. लंगोटावर लढणाऱ्याला कॉलरची पकड शिकवण्यात वर्ष घालवायचं कशाला?

---

खानापूर_घाटवाट

गीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आमच्याकडं जून ते सप्टेंबर साधी चादर वाळत नाही. तो जाड गी रोज धुऊन वाळवणार कुठं? ओला घालून सराव केला की गजकर्ण ठरलेलं. पावसाळ्यात शिकवायचं असेल तर नो-गीच बरं.

---

माजी_सुभेदार

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. फौजेत असताना थोडं जुदो, थोडं हे, दोन्ही केलंय.

या चर्चेत ओस्वाल्दो फाद्दा राहून गेला. सगळी वंशावळ ग्रेसींवरून जाते असं पोरांना वाटतं, ते खरं नाही. माएदाचा आणखी एक शिष्य लुईस फ्रान्सा, त्याचा शिष्य फाद्दा. हा रिओच्या श्रीमंत किनाऱ्यावर नव्हता, बेंतो रिबेइरो या उपनगरात शिकवायचा. ज्यांच्याकडं पैसे नाहीत त्यांना फुकट शिकवायचा. त्यानं १९५० च्या दशकात ग्रेसींच्या आखाड्याला आव्हान दिलं आणि त्याच्या पोरांनी त्या लढती जिंकल्या. कशाच्या जोरावर? पायाच्या पकडींवर. ग्रेसींकडं तेव्हा त्या हलक्या प्रतीच्या समजत. ज्या गोष्टीला उपनगरातलं म्हणून नाक मुरडलं, तीच आज मोठमोठ्या स्पर्धा जिंकून देते.

त्याच परंपरेतल्या वेंडेल अलेक्झांडरनं आंद्रे पेदेर्नेइरासबरोबर नोवा उनियाँउ काढली. हलक्या वजनाचे चपळ गडी ही तिची ओळख. जोझे आल्डो तिथलाच.

आपल्या गल्लीतल्या तालमीत पोराकडून फी कोण घेतं? तेल, दिवाबत्ती, हौदाची माती, सगळं गल्ली बघते. जिउ-जित्सू इथं आणायचं तर फाद्दासारखं आणावं. महिन्याला शहरातल्यासारखी फी ठेवली तर मुचंडी-कडोलीचं पोरगं दारातूनच परत जाईल. कुठल्या शाळेचा झेंडा यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

---

निपाणी_नोगी

सुभेदार साहेब, फाद्दाचं छान सांगितलंत. म्हणूनच मी म्हणतो, पायाच्या पकडी पहिल्या दिवसापासून शिकवा. वरच्या ताकदीत पैलवानाला कुणी हरवणार नाही, पायात तो अगदी कोरा असतो.

---

टिळकवाडी_फिजिओ

इथं थांबा. मी गुडघे बघते, रोज बघते, म्हणून लिहिणं भाग आहे.

सरळ घोटा ताणण्याची पकड वेगळी आणि हील हुक वेगळा. हील हुकमध्ये टाच धरून पाय पिळला जातो, पण मोडतो तो गुडघा. घोट्यापाशी काही दुखत नाही, गुडघ्यातही आधी फारसं जाणवत नाही, आणि जेव्हा जाणवतं तेव्हा अस्थिबंध फाटलेला असतो. हात पिरगाळताना दुखून सूचना मिळते, इथं ती मिळेलच असं नाही. पैलवानाची तर सवय अशी की पकड लागली की जोर लावून फिरून निसटायचं. हील हुकमध्ये चुकीच्या बाजूला फिरलात तर तुम्हीच तुमचा गुडघा फाडता.

आयबीजेजेएफनं हील हुकला २०२१ पासून परवानगी दिली, तीही फक्त नो-गीत, प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर साधी घोट्याची पकडसुद्धा नाही. हे नियम उगाच केलेले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन, त्यानंतर नऊ-दहा महिने सक्तीची विश्रांती आणि व्यायाम, शेतकऱ्याच्या घरात हे परवडतं का?

पायाची पकड ओळखायला आणि वेळेत टॅप करायला पहिल्या दिवशी शिकवा. लावायला नंतर.

---

निपाणी_नोगी

ताई, हे मान्य. आधी ओळख आणि बचाव, लावणं नंतर. आमच्या गटातही लहान पोरांना बंदच करतो.

---

हलगा_पालक

माझी मुलगी चौदा वर्षांची, दोन वर्षं कुस्ती करते. मॅटवर. तिच्यासाठी काय? आणि बेल्ट लवकर मिळतो का?

---

शहापूरचा गडी

दादा, बेल्ट लवकर मिळत नाही, आणि लवकर देणाऱ्याकडं पाठवूही नका. सोळापर्यंत मुलांचे वेगळे पट्टे असतात, करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा. निळा सोळानंतर. काळा एकोणीसच्या आत देताच येत नाही आणि बहुतेकांना त्याला दहाएक वर्षं लागतात. मातीत पट्टा नसतो, लढत बघूनच गडी कळतो, ती नजर तिच्यात राहू द्या.

मुलीसाठी मी वेगळं सांगेन. ती हलक्या अंगाची असेल आणि सरावाला जास्त करून मुलगेच असतील, तर तिला नुसतं वर राहून दाबणं पुरणार नाही. तिनं एलियोच्या बाजूचं आधी शिकावं. जड माणूस अंगावर असताना श्वास कसा घ्यायचा, कंबर कशी सरकवायची, दोन पायांत त्याला कसं अडकवायचं. मग मार्सेलोचं. माझं नोगीभाऊंशी एवढंच जमत नाही की गी सरसकट नको म्हणणं. गीत निसटता येत नाही, कापड धरलेलं असतं, त्यामुळं घाई मोडते आणि प्रत्येक सुटका नीट शिकावी लागते. पावसाळा सोडून आठवड्यातून एखाद दिवस तिनं गी घालावा.

---

लालमाती_येळ्ळूर

फिजिओ ताईंचं वाचून मन जरा निवांत झालं.

आमच्या म्हाताऱ्या वस्तादांकडनं ऐकलेलं सांगतो. कुस्तीचे जुने चार प्रकार म्हणायचे. भीमसेनी ताकदीची, हनुमंती डावाची, जांबुवंती जखडून शरण आणायची, जरासंधी हातपाय मोडायची. शेवटच्या दोन आमच्याकडनं गेल्या. जत्रंत पोरं लंगडी करून घरी पाठवायची कुणाला हौस? जे गेलं तेच तिकडनं परत येतंय असं मला ह्या धाग्यावरनं वाटायला लागलंय.

पण टॅप करायचं पोरांना कसं शिकवणार ओ? १९७६ ला कराचीत अक्रम पैलवानाचा हात जपानच्या इनोकीनं मोडला, तवा अक्रमनं शरणागती दिलीच न्हाई असं सांगतात. गामाच्या घराण्यातला गडी तो. आमची पोरंबी तशीच. मोडून घेतील, थापटणार न्हाईत.

---

शहापूरचा गडी

वस्ताद, यासाठीच सुरुवातीला लढतच लावायची नाही. पहिले काही आठवडे एकानं पकड लावायची, हळू, आणि दुसऱ्यानं ती पूर्ण बसायच्या आधीच थापटायचं. दोनदा. मग अदलाबदल. थापटणं हा डावाचाच भाग म्हणून अंगवळणी पाडायचं, सलामीसारखं. आणि तालमीत तुम्ही स्वतः समोर बसून एकदा म्हणालात की सरावात थापटलं म्हणजे हार नव्हे, तर माझ्या शंभर वेळा सांगण्यापेक्षा ते जास्त लागेल. पोरं माझं ऐकतात ते व्हिडिओपुरतं.

मॅटचा प्रश्न राहतो. हौदात माती आहे, तिथं गळ्याचे-हाताचे डाव करता येतात, पण उघड्या अंगाला घासून जखमा होतात आणि तोंडात माती जाते. पावसाळ्यात तालमीच्या पडवीत जाड गाद्या आणि वर ताडपत्री ताणून चालेल. सुभेदार साहेबांनी म्हटल्याप्रमाणं फी नाही.

---

लालमाती_येळ्ळूर

ताडपत्री हाय आमच्याकडं, ऊस तोडणीवाल्यांची. गाद्यांचं बघतो. मी बसतो समोर. पण गळा आवळल्यावर पोरगं बेशुद्ध पडलं तर काय करायचं ते आधी सांगा. मी जबाबदार माणूस हाय.

---

टिळकवाडी_फिजिओ

वस्ताद, विचारलंत ते बरं केलंत. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आतबाहेर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून:

लावणाऱ्यानं समोरच्याचा हात आणि चेहरा बघत राहायचं. अंग सैल पडलं की थापटण्याची वाट बघायची नाही, त्याच क्षणी सोडायचं. बाहेर बघणारा एक माणूस कायम असलाच पाहिजे, दोघेच कधी सराव करायचा नाही. सोडल्यावर पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काही नाही ना बघायचं, पाणी पाजायचं नाही. बहुतेक काही सेकंदांत शुद्धीवर येतात. आला नाही, किंवा आल्यावर बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी वाटली, मान दुखत राहिली, तर लगेच दवाखाना. आणि शुद्धीवर येऊन ठणठणीत वाटला तरी त्या दिवशी पुन्हा उतरवायचा नाही, मग तो कितीही हट्ट करू दे.

सोळाच्या आतल्यांना गळ्याचे डाव पहिली काही महिने नकोतच. पाडणं, दाबणं, सुटणं एवढंच. पहिल्या दिवशी मी येते, मुलींचे आणि मुलांचे गुडघे-खांदे तपासून घेते. ज्यांची जुनी दुखापत आहे त्यांनी आधीचे एक्स-रे किंवा एमआरआय असतील ते बरोबर आणावेत.